झाकलेलं ताट

लँकी कोव्हमध्ये रविवारी चर्च सुटलं की रस्त्यावर माणसांबरोबर ताटं चालू लागतात. भरलेल्या ताटावर दुसरं ताट उपडं घातलेलं, वरून स्वच्छ फडक्याची गाठ, आणि ते दोन्ही हातांनी छातीशी धरून बर्फावरून जपून पावलं टाकणारी कुणीतरी बाई. ताटात काय आहे हे कुणी विचारत नाही. न्यूफाउंडलंडच्या या किनाऱ्यावर रविवारी दुपारी एकच जेवण शिजतं: खारवलेलं बीफ, त्याच पातेल्यात उकडलेले बटाटे, गाजर, सलगम, कोबी, आणि फडक्याच्या पुरचुंडीत बांधून तिथेच शिजवलेलं वाटाण्याच्या डाळीचं घट्ट पुडिंग. खिडक्यांमधून पाहिलं जातं ते एवढंच, की ताट कुठून निघालं आणि कुठल्या दारात शिरलं.

ताट जातं एकट्या म्हाताऱ्याकडे, बाळंतिणीकडे, समुद्राने माणूस नेलेल्या घरी. आलेलं ताट नाही म्हणायची पद्धत नाही. रिकामं परत करायची तर त्याहून नाही. दोन अंडी, मुरंब्याची बाटली, निदान एक सलगम तरी त्यात घालून ते घरी पोहोचवायचं. पण नवरा-बायको दोघंही धडधाकट असलेल्या घरात ताट शिरलं, तर त्याचा अर्थ वेगळा. त्या घरचं पातेलं थंड पडलं आणि ते गावाला कळलं. तोंडाने कुणी तसं म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात सगळ्या जणी जरा जास्तच गोड बोलतात, तेवढ्यावरून समजून घ्यायचं.

मेल्विना कीपिंगच्या घरून निघणारं ताट टेकाडावरच्या हेडली काकांचं. हेडली काका नात्याने कुणाचेच काका नव्हते, त्यामुळे सगळ्या गावाचे होते. तरुणपणी मासेमारीच्या जहाजांवर आचारी, आणि बायको गेल्यापासून एकटे. ती गेली त्याच्या पुढच्या रविवारी मेल्विनाच्या सासूने ताट भरलं, सुनेच्या हातात दिलं आणि म्हणाली, "हे आता तुझं." सासू गेली, ताट चालू राहिलं.

काकांनी त्या ताटाबद्दल आभार कधी मानले नाहीत. ते तक्रार करत.

"मागच्या रविवारचं पुडिंग होडीला नांगर म्हणून चाललं असतं."

"मग परत का नाही पाठवलंत, काका?"

"दात अडकले होते त्यात. दातांसकट पाठवायचं का?"

आणि मागच्या रविवारचं ताट तिच्या हातात देत. आरशासारखं घासलेलं, आणि आत कधी रानातल्या लाल बेरींचा मुरंबा, कधी बरणीत शिजवून बंद केलेला ससा. सशाचे फास लावण्यात काकांचा हात धरणारा त्या किनाऱ्यावर दुसरा कुणी नव्हता.

मग सरकारने कॉड पकडायला बंदी घातली. समुद्रात मासाच उरला नाही म्हणे. मेल्विनाच्या नवऱ्याची, सेल्बी कीपिंगची, होडी उलटी करून अंगणात ठेवली गेली, आणि ज्या कारखान्यात मेल्विना मासे कापायला उभी राहायची तो कारखाना बंद झाला. दोघांच्या दोन कमाया एका दिवसात गेल्या आणि बदल्यात आला सरकारी भत्ता. तो पहिल्या वर्षी बरा होता, दुसऱ्या वर्षी घटला, आणि त्या हिवाळ्यात तर दुकानात शिरल्यावर मेल्विना कोणत्या फळीकडे बघायचंच नाही हे आधी ठरवून जायची.

पण कीपिंगांच्या घरी कुणी उपाशी उठलं नाही. नुसतं पोट भरणं मेल्विनाला मान्यच नव्हतं. जेवण चांगलंच झालं पाहिजे, खाणाऱ्याने दुसऱ्यांदा ताट पुढे केलं पाहिजे, हा तिचा हट्ट. कारखान्यात माशाच्या पट्ट्यावर उभं राहून तिला एक खोड लागली होती: पुढे सरकणारी कुठलीच गोष्ट वाया जाऊ द्यायची नाही. तीच तिने चुलीवर आणली. बटाटे उकडलेलं पाणी पावाचं पीठ मळायला जायचं. त्याने पाव दोन दिवस मऊ राहायचा. त्या पिठातला एक गोळा ती रात्रीच काढून ठेवायची आणि सकाळी डुकराच्या चरबीत तळून वर काकवी सोडायची. रविवारी उरलेल्या भाज्या सोमवारी तव्यावर कडेने कुरकुरीत होईपर्यंत परतल्या जायच्या. कोबीची बाहेरची पानं लोक फेकतात. ती बारीक चिरून वाटाण्याच्या सूपमध्ये पडायची. चरबी वितळवून उरलेला प्रत्येक थेंब एका डब्यात साठायचा, आणि त्या डब्याला हात लावलेला तिला लांबून कळायचा. माळ्यावर जूनमध्ये लाटांनी किनाऱ्यावर लोटलेले, बोटाएवढे कॅपलिन मासे खारवून, वाळवून ठेवलेले होते. स्टोव्हच्या झाकणावर नुसते भाजले तरी घरभर भूक लागायची.

भांडण झालं ते फक्त शिंपल्यांवरून. ओहोटीला खडकांवरून खरवडून तिने बादलीभर शिंपल्या आणल्या तेव्हा सेल्बी उठून उभा राहिला.

"हे आमिष आहे, मेल. आमिष माशाला घालतात, नवऱ्याला नाही."

"मासा सरकारने बंद केला. नवरा अजून चालू आहे. बस खाली."

"माझ्या बापाने कधी खाल्ल्या नाहीत."

"तुझ्या बापाकडे कॉड होता."

कांदा आणि चरबीत उघडलेल्या त्या शिंपल्या सेल्बीने आधी एक, मग दोन, आणि मग बोलणं थांबवून खाल्ल्या. तळाचा रस पावाने टिपून घेतला. चौदा वर्षांची ट्रूडी आईकडे बघून म्हणाली, "लागले गळाला." त्यानंतर आठवड्यातून एकदा शिंपल्या व्हायला लागल्या, आणि सेल्बी स्वतःच ओहोटीची वेळ सांगू लागला.

सहा दिवस असे निभायचे. अडायचं ते रविवारी. खाऱ्या बीफला पर्याय नव्हता, कारण पर्याय पोटाला चालतो, खिडक्यांना चालत नाही. चर्चमधून परतणारी माणसं प्रत्येक घरावरून जाताना नाक वर करतात आणि कुणाच्या पातेल्यात काय आहे हे त्यांना कळतं. त्यातून शेजारीच होती डॅफ्नी ब्लॅग्डन, सेल्बीची मोठी बहीण. तिचा नवरा विन्स तटरक्षकांच्या बोटीवर नोकरीला, पगार घड्याळासारखा. डॅफ्नीच्या घरून दर रविवारी चार ताटं निघायची, आणि पाचवं कुठे पाठवावं याचा ती विचार करत असते असं मेल्विनाला वाटायचं. डॅफ्नी दुष्ट नव्हती. दुष्ट असती तर बरं झालं असतं, तोंडावर दार लावता आलं असतं. ती मनापासून द्यायची आणि दिलेलं मनापासून सांगायची.

मेल्विनाने स्वतःशी ठरवून टाकलं होतं: हेडली काकांचं ताट थांबणार नाही. ज्या दिवशी या घरातून ताट निघायचं थांबेल, त्याच्या पुढच्या रविवारी या घरात ताट शिरेल. मधे एक आठवडासुद्धा जाणार नाही.

उपाय तिला गस पार्डीच्या दुकानात सापडला. गस खारं बीफ मोठ्या बादलीतून सुटं विकायचा. एका शनिवारी तो रिकामी बादली मागच्या दाराकडे न्यायला लागला.

"तळाशी काय आहे रे, गस?" मेल्विनाने विचारलं.

"खारं पाणी. नि दोन हाडं. ओतून देतो."

"ओतू नकोस. मला दे."

"काय करणार त्याचं?"

"पाय शेकणार."

गसने तिच्याकडे पाहिलं, मग खोकला, आणि बरणी भरून दिली. पैसे घेतले नाहीत. फेकायच्या वस्तूचे काय घ्यायचे?

सगळ्या बीफचा मीठमसाला आणि अर्क त्या पाण्यात उतरलेला होता. शनिवारी संध्याकाळी मोठ्या वाडग्यात ते पाणी आणि हाड एकत्र ठेवायचं, रविवारी सकाळी त्यातलं हवं तेवढं पातेल्यात साध्या पाण्याबरोबर घालून खळखळून उकळायचं, आणि मग भाज्या एकेक सोडायच्या: सलगम आधी, कोबी शेवटी. बाहेर रस्त्यावर वास तोच जायचा. बटाट्याच्या गाभ्यापर्यंत चव तीच. आठवड्याला परवडणारा बीफचा एकच लहान तुकडा आणायचा आणि तो अख्खा काकांच्या ताटात जायचा.

"आमच्या ताटात बीफ कुठाय?" पहिल्या रविवारी ट्रूडीने विचारलं.

"डोळे मीट आणि खा," मेल्विना म्हणाली.

ट्रूडीने डोळे मिटले, खाल्लं, आणि डोळे न उघडता म्हणाली, "आहे."

असा डिसेंबर गेला, जानेवारी गेला. काका ताटं परत करत राहिले आणि कोठीच्या खोलीतली वरची फळी भरत गेली. मुरंबे खाल्ले जायचे, पण सशाच्या बरण्या मेल्विनाने उघडल्या नाहीत. काकांनीच दिलेलं खाऊन काकांना ताट पाठवायचं, म्हणजे त्यांचंच त्यांना वाढून मोठेपणा घ्यायचा, असं तिला वाटायचं. त्या बरण्या रांगेने उभ्या राहिल्या आणि ती त्यांच्याकडे पाठ करून पीठ काढायची.

फेब्रुवारीत खाडीत बर्फ दाटला, रस्ता बंद झाला, आणि गसचा माल आलाच नाही. ज्यांच्या घरी बीफच्या बादल्या होत्या त्यांना त्याचं काही नव्हतं. मेल्विना आठवड्याचं आठवड्याला घेणारी. शनिवारी ती दुकानात गेली तेव्हा बीफ संपलेलं होतं. तळाची बरणीभर खारवणी आणि एक मोठं हाड, त्याला चिकटून थोडंसं मांस, एवढं गसने तिच्यासाठी बाजूला ठेवलं होतं. तो हाड कागदात गुंडाळत असतानाच मागून आवाज आला.

"अगंबाई, मेल! हाडं नेतेस? कुत्रा कधी पाळलात?"

डॅफ्नी. मागे आणखी दोघी, हातात टोपल्या, कान उघडे.

"सूपला नेतेय," मेल्विना म्हणाली.

"आणि उद्याच्या जेवणाला?"

"उद्याचं पातेलं उद्या चढेल."

"चढेल गं, पण त्यात घालशील काय? गसकडे तर काही नाही." डॅफ्नीने तिच्या दंडावर हात ठेवला. हात ऊबदार होता, तेच वाईट होतं. "हे बघ, माझ्या भावाचं घर आहे ते. माझ्याकडे बादली भरलेली आहे. उद्या मी तुम्हा तिघांचं ताट घेऊन येते. मोठं ताट. घरच्या घरी कसली आलीय लाज?"

मागच्या दोघी अचानक काड्यापेट्यांचे भाव वाचू लागल्या.

"तू त्रास नको घेऊस, डॅफ."

"त्रास कसला! चर्च सुटलं की आलेच."

मेल्विना घरी आली ती गाल लाल करून, आणि ते थंडीने नव्हतं. पण हिशेब अजून जुळत होता. खारवणी होती, हाड होतं. हाडाचं मांस खरवडून काकांच्या ताटाला पुरलं असतं. डॅफ्नी दारात येईल तेव्हा काकांचं ताट टेकाडावर पोहोचलेलं असेल आणि टेबलावर वाफाळतं पातेलं असेल. बीफचा वास असलेल्या घरात ताट घेऊन शिरायला डॅफ्नीलासुद्धा अवघड गेलं असतं. तिने वाडग्यात खारवणी ओतली, हाड बुडवलं, वर ताटली झाकली, आणि झोपायला गेली.

रविवारी सकाळी ती खाली आली तेव्हा सेल्बी स्टोव्ह पेटवून, चहा करून बसला होता. चेहऱ्यावर एक प्रकारचं समाधान होतं.

"काल तू विसरलीस," तो म्हणाला. "पण मी बघितलं."

"काय विसरले?"

"बीफचं पाणी बदलायला. मी बदललं. दोनदा."

लँकी कोव्हमधल्या कुठल्याही पुरुषाला स्वयंपाकातलं काही येवो न येवो, एवढं येतं. खारं बीफ शनिवारी रात्री भिजत घालायचं आणि झोपण्याआधी खारट पाणी ओतून ताजं भरायचं, नाहीतर रविवारी मीठ खावं लागतं. सेल्बीच्या बापाने केलं, आजोबाने केलं. अंधारात, झाकलेलं वाडगं दिसलं की हात आपोआप तिकडे जातो.

मेल्विनाने ताटली उचलली. स्वच्छ, गोड्या पाण्यात धुतल्यासारखं पांढरं हाड तळाशी पडलं होतं.

"सेल्बी."

"काय?"

"ते पाणीच जेवण होतं."

त्याला समजायला थोडा वेळ लागला. मग त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि हात पाठीमागे घेतले, जसे काही तेच गुन्हेगार होते.

"सगळं?"

"बरणीत एक थेंब नाही. सगळं वाडग्यात होतं."

"मेल, मी..." तो खिडकीकडे गेला, परत आला. "खारं पाणीच पाहिजे ना? समोर अख्खा समुद्र आहे. बादलीभर आणू?"

तिला त्याला मारावंसं वाटत होतं आणि हसूही येत होतं, आणि हसू आधी आलं. ती खुर्चीत बसून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. सेल्बी तिच्यासमोर उकिडवा बसला.

"डॅफला सांगतो, येऊ नकोस म्हणून."

"काय कारण सांगशील? आमच्याकडे खूप आहे?"

तो उठून स्टोव्हमध्ये लाकूड सरकवू लागला.

"सलगम आण," ती डोळे पुसत म्हणाली. "निदान भाज्या तरी उकडू." मग स्वतःच उठली, कारण सेल्बीला कोठीतलं काही सापडत नसे. दार उघडलं, सलगमसाठी वाकली, आणि उठताना डोकं वरच्या फळीला लागलं. बरण्या किणकिणल्या.

तिने वर पाहिलं. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारीचे ससे ओळीने उभे होते. तांबूस मांस, वर चरबीचा पांढरा थर, काकांच्या हातची घट्ट झाकणं. हे तिला कुणी दान दिलेलं नव्हतं. प्रत्येक बरणी एका ताटामागे आली होती, आणि प्रत्येक ताट तिने हातात धरून टेकाड चढून नेलं होतं. फुकट त्यातलं काही नव्हतं, एकही नाही.

"सेल्बी! चरबीचा डबा काढ."

"तो डबा? मी?"

"आज तुला परवानगी आहे. आणि ट्रूडीला उठव, कांदे सोलायला. आपण सशाची पाई करतोय."

स्वयंपाकघर एकदम जागं झालं. महिनाभर साठवलेली चरबी थंडीत दगडासारखी झाली होती; पाईच्या कवचाला तीच हवी असते. मेल्विनाने ती पिठात बोटांच्या टोकांनी चोळली, गार पाणी शिंपडलं आणि गोळा फार न मळता थंडीत बाहेर पायरीवर ठेवला. स्टोव्हवर कढईत कांदा तांबूस झाला. त्यात सलगम, गाजर, मग बरण्यांमधलं मांस रसासकट. हाडावरून कुणाला न दिसणारं मांस तिने सुरीने खरवडलं आणि तेही घातलं. पुडिंगची पुरचुंडी बांधली. शिळ्या पावाचा चुरा, काकवी आणि लाल बेरी यांचा गोड गोळा दुसऱ्या पुरचुंडीत गेला. भांडी कमी पडली तेव्हा सेल्बी न सांगता धूत राहिला, फक्त प्रत्येक वेळी पाणी ओतण्याआधी विचारत राहिला, "हे ओतू?"

"काकांचं काय?" ट्रूडीने विचारलं. "पाई ताटात घालून टेकाडावर नेली तर कवचाचा लगदा होईल."

हा विचार मेल्विनाने केलाच नव्हता. तिने पीठ लागलेले हात झटकले.

"पाई टेबलावरच खायची असते," ती म्हणाली. "सेल्बी, काकांना घेऊन ये."

"ते येतील? काकी गेल्यापासून कुणाच्या टेबलाला बसले नाहीत."

"सांग, आज ताट येणार नाही. जेवायचं असेल तर या."

चर्च सुटलं. माणसं नेहमीसारखी खाली येऊ लागली आणि कीपिंगांच्या घरापाशी आल्यावर त्यांची नाकं वर झाली. बीफ नव्हतं. कोबीही नव्हता. दोन बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. आणि मग त्यांना ते कळलं: चरबीत तांबूस झालेला कांदा, सशाचा दाट रस, भाजलेल्या कवचाचा खरपूस वास. फाटकाशी एक जण उगाचच बुटाची नाडी बांधायला थांबला.

हेडली काका आले तेव्हा त्यांनी टाय बांधला होता. तो एवढा जुना होता की त्याचा रंग कुठला हे सांगता आलं नसतं.

"ताट बंद केलंस म्हणून भांडायला आलोय," ते दारातूनच म्हणाले.

"बसून भांडा, काका."

ते बसले. टेबलावर पांढरी चादर होती, आणि मधोमध मोठ्या भांड्यात पाई, सोनेरी, कवचाच्या चिरेतून रस उकळून वर येत असलेली. काकांनी पुढे वाकून पाईचा वास घेतला.

"माझे ससे," ते म्हणाले.

"तुमचे ससे, माझं कवच."

"मी बरणीत घातले तेव्हा ते असे नव्हते." मग त्यांनी घसा साफ केला. "कवच जरा जास्त भाजलंय."

मेल्विनाने त्यांना पहिलं वाढलं आणि तेवढ्यात दार उघडलं. लँकी कोव्हमध्ये दार कुणी वाजवत नाही. डॅफ्नी आत आली, चर्चची टोपी डोक्यावर, हातात भलं मोठं झाकलेलं ताट. ती बोलायलाच सुरुवात करणार होती. तोंड उघडलेलं होतं. पण टेबलाकडे पाहून ते तसंच राहिलं.

मेल्विना उठली. ताट नाकारायची पद्धत नव्हती आणि तिने ते नाकारलं नाही. दोन्ही हातांनी घेतलं, गाठ सोडली, आणि पाईच्या बाजूला, टेबलाच्या मधोमध ठेवलं.

"वा, डॅफ! बीफ आणलंस! बघा काका, डॅफ जेवणाला बीफ घेऊन आलीय. आता टेबल भरल्यासारखं वाटतं. सेल्बी, बहिणीला खुर्ची दे."

"मी... विन्स घरी..."

"विन्सचं पान वाढून आली असशीलच. तू काय उपाशी राहणार? बस."

पाहुणीसारखं ताट घेऊन आल्यावर पाहुणीसारखं बसण्याशिवाय डॅफ्नीला दुसरं काही करता येईना. ती कोट न काढता बसली. सेल्बीने तिच्या पुढ्यात पाईचा मोठा तुकडा ठेवला. तिने एक घास घेतला, मग कोट काढला.

"बीफ नाही केलंस?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

"दर रविवारी बीफच काय खायचं," मेल्विना म्हणाली.

लँकी कोव्हमध्ये असं वाक्य कुणी उच्चारल्याचं त्या टेबलावरच्या कुणालाच आठवत नव्हतं. काकांनी चमचा थांबवला. ट्रूडीने मान खाली घातली, कारण तिला हसू आवरेना.

"खरं म्हणजे काल रात्री मी ते पाणी..." सेल्बीने सुरुवात केली.

टेबलाखाली त्याच्या नडगीवर बूट बसला.

"सेल्बी, काकांना बटाटा दे."

"देतो," सेल्बी म्हणाला.

काकांनी तिसऱ्यांदा वाढून घेतलं आणि तिन्ही वेळा कवचाबद्दल बोलले. डॅफ्नीने दोनदा घेतलं आणि काहीच बोलली नाही, ही तर त्याहून मोठी गोष्ट. तिने आणलेलं बीफ सगळ्यांनी वाटून खाल्लं. चांगलं होतं, आणि मेल्विनाने तसं मोकळेपणाने सांगितलं. मग गोड गोळा फोडला गेला. लाल बेरींचा आंबट रस काकवीत उतरला होता. डॅफ्नीने चमचा चाटला.

"शिळा पाव आहे ना यात?"

"आहे."

"माझ्याकडचा मी कोंबड्यांना घालते."

"कोंबड्या मजेत असतील," हेडली काका म्हणाले.

डॅफ्नीने त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं, आणि मग खो-खो हसली. तिचं ते हसणं मेल्विनाने लग्नाच्या वर्षापासून ऐकलं नव्हतं.

निघायची वेळ झाली तेव्हा तिने आपलं रिकामं ताट उचललं. मेल्विनाने ते तिच्या हातातून घेतलं. पाईचा उरलेला मोठा तुकडा त्यात सरकवला, बाजूला गोड गोळ्याची जाड फोड, वर थोडा रस. दुसरं ताट उपडं घातलं आणि आपल्या घरच्या निळ्या पट्ट्यांच्या फडक्याने गाठ मारली.

"अगं, संध्याकाळला तुम्हाला राहू दे," डॅफ्नी हलक्या आवाजात म्हणाली.

"या घरातून रिकामं ताट जात नाही, डॅफ. तुझी आई सांगायची."

डॅफ्नीने ताट घेतलं. दोन्ही हातांनी, छातीशी. दारात ती थांबली.

"पुढच्या आठवड्यात मला ते कवच दाखव," ती म्हणाली. "माझं नेहमी चिवट होतं." आणि कुणी काही म्हणायच्या आत बाहेर पडली.

मेल्विना खिडकीशी उभी राहिली. डॅफ्नीचं घर शेजारीच, पण दोन घरांमधल्या वाटेवरचा बर्फ उपसलेला नव्हता, म्हणून तिला रस्त्याने वळसा घालून जावं लागलं. सगळ्या खिडक्यांसमोरून, झाकलेलं ताट घेऊन, कीपिंगांच्या फाटकातून बाहेर. पलीकडच्या घरचा पडदा हलला. दुकानात काड्यापेट्यांचे भाव वाचणारी एक जण फाटकाशीच उभी होती.

"कुणाकडे नेतेस गं, डॅफ?" तिने विचारलं.

"कुणाकडे नाही. घरी नेतेय," डॅफ्नीचा आवाज थंड हवेत स्वच्छ ऐकू आला. "मेल्विनाने दिलंय. सशाची पाई. बाजूला हो, गार होईल."

मेल्विना वळली. टेबलाशी काका टायची गाठ सैल करत होते.

"पुढच्या रविवारी ताट पाठवणार आहेस, की परत हा फास घालून टेकाड उतरायचं?"

"परत घालून या, काका. येताना एक ससा आणा."

"एक? चौघांना?"

"पाच जणांना. डॅफ कवच शिकायला येणार आहे."

काका पुटपुटत उठले, आणि जाताना कधी नव्हे ते दार हळू लावून गेले.

मेल्विनाने बाह्या सरसावल्या. हाड अजून वाडग्यात होतं. दोनदा धुतलेलं, वरून खरवडलेलं, पण आत मगज होता. मगज सूपमध्ये उतरतो. तिने ते पातेल्यात ठेवलं, पाणी घातलं, मूठभर वाटाण्याची डाळ टाकली, मीठ टाकलं, झाकण ठेवलं. मग नवऱ्याकडे वळली.

"सेल्बी, या भांड्याला हात लावायचा नाही."

सेल्बीने दोन्ही हात खिशात घातले.